एका मताचा फितूर

मला सत्तेचा नाद आहे. सत्ता मिळवायचा नव्हे, तिच्याबद्दल वाचायचा. कोणी कोणाच्या पायाखालचं जाजम ओढलं, कोणत्या सरदाराने ऐन लढाईत घोडा वळवला, कोणत्या मंत्र्याचं सरकार नाश्ता संपायच्या आत कोसळलं, असलं काही छापलेलं दिसलं की मी हातातली मेथी तशीच टाकून वाचत बसते. बेलापूरच्या आमच्या सरकारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका साड्यांचे फोटो बघतात. मी आवक-जावकच्या टेबलाखाली पुस्तक उघडं ठेवून कुठल्याशा देशातलं लष्करी बंड निपटत असते. एकदा साहेबांनी विचारलं, "मॅडम, ते प्रकरण कुठपर्यंत आलं?" मी मान वर न करता म्हटलं, "त्याला सकाळीच अटक झाली." तेव्हापासून साहेब माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

अशा वाचनाने माणसाला जिथंतिथं कट दिसायला लागतो. सोसायटीच्या गेटवर दोघी बोलत असल्या आणि मला बघून गप्प झाल्या, की मी तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत त्यांचा हेतू, त्यांचा सूत्रधार आणि त्यांना मिळणारा मोबदला, सगळं ठरवून मोकळी. नवरा म्हणतो, "अगं बाई, तुझ्या ओढणीला कपड्याचा चिमटा अडकलाय, म्हणून हसू दाबत होत्या त्या." नवरा कोकणातला. सुरमई महागली की सरकारला शिव्या घालायच्या, इतकंच त्याचं राजकारण.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण याच नादापायी मी माझ्या सख्ख्या काकांना फितूर ठरवलं, आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते खरं मानलं. आता सांगते म्हटल्यावर सगळंच सांगते.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. तिथले निम्मे पुरुष एका पिढीत वाशीला एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोण्या वाहायला आले. आबा आणि काका हमालांच्या एकाच टोळीत. टोळीचा मुकादमही गावचाच. आता सगळे निवृत्त झालेत, कोणी कोपरखैरण्याला, कोणी नेरूळला, आबा खांदेश्वरला आमच्या शेजारच्या इमारतीत, काका कामोठ्याला. गाव सुटलं, पण गावकी सुटली नाही. इथं त्यांचं एक मंडळ आहे, पंचवीस घरांचं. दर दोन वर्षांनी मंडळ अध्यक्ष निवडतं. अध्यक्षाला काम शून्य. मान मात्र एक असतो. चैत्रात गावच्या जत्रेला पालखीपुढं मानाचा फेटा बांधून चालायचं.

एवढ्यासाठी निवडणूक, असं कोणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण आबांनी पस्तीस वर्षं डोक्यावर रिकाम्या गोणत्याची खोळ घेतली होती. त्या डोक्यावर एकदा फेटा चढावा, आणि तो गावाने बघावा, एवढीच त्यांची हौस. तोंडाने कधी बोलले नाहीत. पण जत्रेत फेटेवाला पुढं चालायला लागला की आबा आपली टोपी काढून उगाच झटकत बसायचे. त्यातून त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. डॉक्टरांनी यंदा स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, काय चालायचंय ते वर्षभरात चालून घ्या." म्हणजे या खेपेला नाही, तर कधीच नाही.

आमच्या मंडळाची मतदानाची रीत मात्र न्यारी आहे. इतकी पुस्तकं वाचली, पण असलं मतदान कुठं वाचलं नाही. बाजारात रुमालाखाली भाव ठरवायची जुनी पद्धत आहे. दोघांनी हातात हात घ्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. आमच्या लोकांनी तीच उचलली. मतपत्रिका नाही, पेटी नाही. मुकादम अंगावर शाल घेऊन खुर्चीत बसतो, मांडीवर पंचा. प्रत्येक घरातलं एक माणूस येतं आणि पंच्याखाली त्याचा हात धरतं. पहिला उमेदवार हवा असेल तर एक बोट दाबायचं, दुसरा हवा असेल तर दोन. मग मुकादम ताटातली एक सुपारी उचलतो आणि शालीच्या आत, अंगातल्या कोपरीच्या उजव्या नाहीतर डाव्या खिशात टाकतो. उजवा खिसा पहिल्याचा, डावा दुसऱ्याचा. शेवटी दोन्ही खिसे सगळ्यांसमोर ताटात रिकामे करायचे. कोणी कोणाला मत दिलं ते एकट्या मुकादमाला ठाऊक, आणि त्याच्या पोटातलं ओठावर येणं शक्य नाही. मुकादमावर शंका घेणं म्हणजे ग्रामदैवताकडे आधार कार्ड मागणं.

दोन वर्षांपूर्वी आबा पहिल्यांदा उभे राहिले आणि पडले. बारा विरुद्ध तेरा. एका मताने. जिंकले ते टेम्पोवाले मामा, आमच्याच गावचे, वाशीपासून पनवेलपर्यंत भाजीचे टेम्पो फिरवणारे. पाच-सात मतांनी पडले असते तर आबा जेवून झोपले असते. पण एक मत! घरी येऊन ते कितीतरी वेळ एक बोट वर करून त्याच्याकडे बघत बसले.

आणि तिथं मी नाक खुपसलं. मला कोणी बोलावलं नव्हतं. पण एका मताने हार म्हटल्यावर माझ्या अंगात संचारलंच. मी कॅलेंडर उलटं करून मागं पंचवीस घरं लिहिली. तेरा घरांनी आबांना शब्द दिला होता, मिळाली बारा. म्हणजे एक फुटला. कोण? मी एकेक नाव खोडत गेले आणि उरले काका. मतदानाच्या दोन दिवस आधी ते मामांच्या घरी मटण जेवले होते. निकालानंतर मामांच्याच टेम्पोत बसून कामोठ्याला गेले. आणि निकाल लागला तेव्हा काळा चष्मा लावून उभे होते, भावाच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून. त्यांचे डोळे आले होते हे मला चार दिवसांनी कळलं, पण तोवर मी तपास पूर्ण करून बसले होते.

"तुझ्या जिभेला काही हाड?" आई करवादली. "सख्खा भाऊ आहे तो त्यांचा."

"आई, इतिहासात सख्खाच असतो," मी म्हटलं.

काय पण माझा तोरा! आबांनी कॅलेंडर हातात घेतलं, काकांच्या नावाभोवती मी काढलेला लाल गोल बघितला, आणि फोन लावला. "धाकल्या, मटण गोड लागलं काय रं?" एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर दोघा भावांचं बोलणं बंद. दिवाळीला काकूचा चिवडा आमच्याकडे आला नाही आणि आईच्या करंज्या तिकडे गेल्या नाहीत. खांदेश्वर ते कामोठे रिक्षाने दहा मिनिटं, ती दहा मिनिटं दोन वर्षं कोणी ओलांडली नाहीत. काकांनी एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही. मी मनाशी म्हणायचे, बघा, दोषी माणूस गप्प बसतो. हेही कुठल्याशा पुस्तकातलंच.

या वर्षी आबा पुन्हा उभे राहिले. समोर पुन्हा टेम्पोवाले मामा. मी प्रचारप्रमुख, अर्थात स्वयंघोषित. नवऱ्याला स्कूटरसकट कामाला लावलं.

पहिली चाल संक्रांतीच्या हळदीकुंकवाची. घरातल्या बायका आपल्या बाजूला आल्या की पुरुषाचं बोट आपोआप वळतं, हा माझा सिद्धांत. मी पंचवीस घरच्या बायकांना बोलावून प्लास्टिकचे डबे लुटले. पुढच्या शुक्रवारी मामांच्या बायकोने स्टीलचे लुटले, झाकणाला क्लिप असलेले. मी स्वतः एक घेऊन आले. काय करणार, चांगला होता.

दुसरी चाल अफवेची. मामा पुन्हा निवडून आले तर जत्रेत लेझीम बंद करून डीजे लावणार, असं मी नेरूळच्या आत्याच्या कानात घातलं. तिच्या कानात घातलं की संध्याकाळपर्यंत नवी मुंबईच्या चार उपनगरांत पोचतं. म्हातारे पेटून उठतील असा माझा हिशोब. दोन दिवसांनी आत्याचा फोन. "अगं, लोक लई खूष हायती. म्हनत्यात, लेझीम खेळून कंबरडं मोडलं, डीजे असला तर बसून तरी ऐकता यील." त्या एका अफवेने मामांची निदान तीन मतं वाढली असावीत. नवरा स्कूटर थांबवून हसत होता. मी त्याला म्हटलं, "हसू नकोस, गाडी चालव."

काकांकडे मात्र आम्ही गेलो नाही. नवरा म्हणाला, "कामोठ्याला वळवू का? दोन मिनिटं बसून येऊ." मी म्हटलं, "फितुराच्या दारात?" त्याने गाडी सरळ घेतली. पण त्या दिवशी त्याने मला घरापर्यंत सोडलं नाही, नाक्यावरच उतरवलं.

मतदान एका रविवारी सकाळी खांदेश्वरला, एका इमारतीच्या पार्किंगमध्ये होतं. गाड्या बाहेर काढून निळ्या खुर्च्या मांडल्या होत्या. उमेदवाराने स्वतः हात द्यायचा नाही, त्याच्या घरातल्या दुसऱ्या कोणी द्यायचा, असा नियम. आई म्हणाली, "मला नको ती भानगड, तूच जा." दोघातिघांनी कुरकूर केली, लग्न झालेल्या लेकीचं मत कसं चालेल म्हणून. मुकादम म्हणाले, "लेक घरचीच अस्ती. बसा खाली." विषय संपला.

मुकादम आता ऐंशीच्या घरात. खांदे अजून कपाटाएवढे, पण काठीशिवाय उठवत नाही. मी त्यांना चहा नेऊन दिला. स्टीलचा ग्लास असा तापलेला, की मी तो ओढणीत धरून आणला होता. त्यांनी तो उघड्या मुठीत धरला आणि निवांत प्यायले. मी मनात म्हटलं, काय पोलादी माणूस आहे!

मग मी हेरगिरीची जागा पकडली. मुकादमांच्या मागं पंपाच्या खोलीची पायरी होती, तिथून त्यांची पाठ दिसायची. शालीआड सुपारी कुठल्या खिशात जाते ते दिसत नव्हतं, पण कुठला खांदा हलतो ते स्पष्ट दिसत होतं. आबांनी अर्ज आधी दिला होता, म्हणजे एक बोट आणि उजवा खिसा आबांचा. मी लग्नपत्रिकेच्या पाकिटावर लिहायला लागले. पहिला माणूस, उजवा. वा! दुसरा, डावा. तिसरा, उजवा. चौथा, डावा. काय घासून लढत चालली होती! सहा झाली तरी तीन-तीन. मला घाम फुटला.

सातवे काका. खांद्यावर पंचा टाकून आले, आबांच्या समोरून गेले, आबांनी मान वळवली. काकांनी मुकादमांचा हात धरला. मी श्वास रोखून उजव्या खांद्याकडे बघतेय. हलला! उजवा हलला! मी पाकिटावर काकांच्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. पश्चात्ताप झाला म्हणायचा, मटण उतरलं एकदाचं.

असं करत करत तेवीस घरं झाली. बारा उजवीकडे, अकरा डावीकडे. एकदाही लागोपाठ दोन सुपाऱ्या एका बाजूला गेल्या नव्हत्या. आता तुम्ही म्हणाल, बाई, तुला डोळे होते की बटणं? पण मी लढतीत इतकी बुडाले होते की उजवा-डावा, उजवा-डावा हे माझ्याच अक्षरात लिहूनही मला दिसलं नाही.

चोविसावी मी. पुढं गेले, गुडघ्यावर बसले, पंच्याखाली हात घातला. मुकादमांचा तळवा दगडासारखा होता. माझ्या बोटात आबांचं सगळं आयुष्य एकवटलंय, असं काहीतरी मला वाटलं, आणि मी मुद्दाम क्षणभर थांबले. पुस्तकातली माणसं थांबतात ना अशा वेळी. मी अजून काहीच दाबलं नव्हतं.

"झालं," मुकादम म्हणाले. "पुढचं या."

मी गडबडले. घाईघाईने एक बोट दाबलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही नाही. मी नख रुतवलं, चांगलं खोल. मुकादम माझ्याकडे बघून मायेने हसले. "झालं की गं बाय. ऊठ." आणि सुपारी उचलली. माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा डावा खांदा हलला.

माझी सुपारी मामांच्या खिशात! सख्ख्या लेकीचं मत! मी उठून पायरीवर आले. पाकिटावर लिहिलं, चोवीस, डावा. आणि तेव्हा कुठं ती ओळ वरपासून खालपर्यंत नीट वाचली. पंचविसावा मामांचा मुलगा. त्याने हात दिला आणि मुकादमांचा उजवा खांदा हलला. बापाविरुद्ध मुलगा? छे. मुकादमांना काही कळतच नव्हतं. त्यांची बोटं मेली होती, आणि ते एक सुपारी इकडे, एक तिकडे टाकत होते. पंचवीस घरं. पहिली सुपारी ज्याच्या खिशात, तो एका मताने जिंकणार. दोन वर्षांपूर्वी टेम्पोवाले मामा एका मताने आले होते, ते असेच. कोणी फुटलं नव्हतं. फितूर नव्हताच.

खिसे ताटात रिकामे झाले, मोजणी झाली, तेरा-बारा, आबा जिंकले. लोकांनी गुलाल उधळला. आणि आबा गुडघे सांभाळत थेट त्या खांबाकडे गेले, जिथं काका एकटे उभे होते. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "आलास व्हय शेवटी माज्या बाजूला, धाकल्या. चल घरी, जेवायला." काकांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

घरी आईने पुरणाचा घाट घातला होता, निकाल काहीही लागो म्हणून. बाहेर आबा फोनवर फोन घेत होते. काका पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले. मी पोळी लाटत होते, म्हणजे पोळपाटावर नकाशे काढत होते.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही आज..."

"आज म्या टेम्पोवाल्याला दिलं," काका म्हणाले. "दोन बोटं, चांगली रगडून. मागल्या खेपेला दादाला दिलं, तर फितूर झालो. आज न्हाई दिलं, तर भाऊ झालो. तुज्या पुस्तकात हाय का गं असलं?"

मला हसू यावं की रडू, कळेना. मी आवाज खाली आणला. "काका, मुकादमांच्या हाताला..."

"कळत न्हाई." त्यांनीच वाक्य पुरं केलं. "पाच वर्सं झाली. साखरेनं बोटं मेली त्याची. उकळता च्या मुठीत धरतोय, चटका बसत न्हाई. टोळीतल्या समद्यास्नी ठावं हाय. एक दादा सोडून."

"आबांना का नाही सांगितलं?"

"दादाच्या पोटात काय ऱ्हातं का? सकाळी सांगितलं तर दुपारपातूर पनवेलला कळंल. आन् त्याला फेटा पायजे हुता. त्याला कसं सांगायचं, आरं, कुनी मोजतच न्हाई म्हून?"

"मग सगळे रांग लावून हात कशाला देता?"

"मुकादम पंचा घिऊन बसतोय म्हून," काका म्हणाले, जसं काही हे कोणालाही कळेल. "कुणावर अन्याव नको म्हून एक हिकडं, एक तिकडं टाकतो. पयली सुपारी कुठं टाकायची, त्येवढंच त्याच्या हातात. त्याचाच आठवडाभर इचार करत बसत असंल बिचारा."

माझा राग उसळला. कोणावर, कोण जाणे. "पण काका, एका वाक्यात सुटला असता तुम्ही! दोन वर्षं आबा तुम्हाला काय काय म्हणत होते. एकदा तरी सांगायचं होतं, मुकादमांना कळत नाही म्हणून!"

"आन् मुकादमाचं काय?" काकांनी तांब्या खाली ठेवला. "हात तर गेलंच त्याचं. आता त्या हातावरचा इस्वासबी काढून घ्यायचा व्हय?"

मी पुन्हा लाटणं उचललं. तेच पुढं म्हणाले, "लई जड गेली पर दोन वर्सं. लई म्हंजी लई." आणि पंच्याने तोंड पुसायच्या निमित्ताने डोळे पुसले.

"फितूर हा शब्द माझा होता, काका. आबांचा नाही."

"ठावं हाय. दादाला येवढं डोकं कुठलं?"

मी रडले. पिठाच्या हातांनी तोंड झाकून, नाक वर ओढत रडले. लाज वाटली मला, इतकी की त्या कॅलेंडरसकट स्वतःला रद्दीत टाकावंसं वाटलं. आई पुरणाची पातेली उतरवत म्हणाली, "रडून झालं असलं तर बाहेर जा आणि काय बोलायचं ते बोल. पोळ्या मी लाटते." म्हणजे तिने सगळं ऐकलं होतं.

बाहेर ताटं मांडली होती. काका आबांच्या शेजारी बसले. मी उभीच राहिले. "आबा," मी म्हटलं, "दोन वर्षांपूर्वी काकांनी तुम्हालाच मत दिलं होतं. मी उगाच त्यांच्यावर आळ घेतला. मला हे कसं कळलं, ते विचारू नका. पण हे खरं आहे."

आबांचा हात वरणात तसाच राहिला. त्यांनी काकांकडे बघितलं. "खरं रं?"

काकांनी मान हलवली.

"आन् आज?"

काकांनी घास गिळला. खोटं बोलले असते तर कोणाचं काय बिघडणार होतं? पण तो माणूस म्हणाला, "आज न्हाई दिलं."

नवऱ्याला ठसका लागला. आबा बघतच राहिले. मग म्हणाले, "बरं केलंस. तुज्या जागी म्या असतो, तर म्याबी न्हाई दिलं असतं." आणि उठून, त्या तसल्या गुडघ्यांनी उठून, स्वयंपाकघरात गेले आणि तुपाची वाटी घेऊन आले. काकांच्या पोळीवर तूप वाढत राहिले, काका "बास, बास" म्हणत असताना वाढतच राहिले. जरा वेळाने त्यांना दुसरंच सुचलं. "आरं, पर मग म्या निवडून आलो कसा?" मी आणि काका, दोघांनी कोशिंबिरीत डोकं घातलं. "मुकादमाला इचार जा," काका म्हणाले. "मुकादमाला असलं इचारत्यात व्हय?" आबा म्हणाले, आणि पुन्हा तूप वाढलं.

मला ते काही बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी मला काही विचारणंच सोडलं. एरवी माझ्यावाचून त्यांचं पान हलत नसे. गोळी जेवणाआधी की नंतर, बातमी खरी की खोटी, बँकेचा मेसेज उघडू की नको, सगळं मला विचारून. आता आईला विचारायचे, नवऱ्याला विचारायचे, एकदा तर वॉचमनला विचारलं. मी समोर बसलेली असताना. मी त्या दोन-तीन महिन्यांत एकही पुस्तक उघडलं नाही. उघडलं तरी डोळ्यांपुढे लाल गोल यायचा.

चैत्रात आम्ही सगळे जत्रेला गेलो. देवळापुढं माणसांची दाटी. रीत अशी, की नव्या अध्यक्षाला फेटा मुकादमाने बांधायचा. आबा पाटावर बसले, पांढरा सदरा, कडक इस्त्री. मुकादमांनी काठी काकांच्या हातात दिली आणि भगवा फेटा घेतला. त्यांची ती बोटं कापड शोधत होती. पदर कुठं सुटला, पीळ कुठं बसला, काही समजत नव्हतं, पण ते थांबले नाहीत. टोळीतले सगळे म्हातारे समोर उभे. एकानेही मदतीला हात पुढं केला नाही आणि एकानेही नजर खाली घातली नाही. फेटा बांधून झाला. एका बाजूने फुगलेला, दुसऱ्या कानावर उतरलेला, सगळा ढिला.

"झ्याक!" कोणीतरी ओरडलं. हलगी वाजायला लागली.

आबा उठले आणि पालखीपुढं चालायला लागले, सावकाश, एकेक पाऊल टाकत. काका त्यांच्या मागोमाग. दहा पावलांत फेटा घसरायला लागला. काकांनी मागून हात वर केला आणि तळवा फेट्याला लावून धरला. तसेच दोघं चालले. मी बायकांच्या घोळक्यातून वाट काढत त्यांच्या बाजूला आले. पलीकडून मुकादम काठी टेकत चालत होते, आबांकडे बघत, गालातल्या गालात हसत.

आबांना शंका आलीच. "धाकल्या," ते पुढं बघतच म्हणाले, "फेटा सैल हाय काय रं?"

"न्हाई दादा," काका म्हणाले. त्यांनी तळवा आणखी दाबला. "घट्ट हाय."

आबांचं समाधान झालं नाही. त्यांनी मान जराशी वळवली आणि कित्येक आठवड्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं.

"काय गं?" त्यांनी मला विचारलं. "घट्ट हाय?"

"घट्ट आहे, आबा," मी म्हटलं. "तुम्ही चला."